‘मुखबीर’, ‘बातमीदार’ की ‘सूत्र’?

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुका वार्ताहराचा प्रश्न असा आहे की, रेतीच्या अवैध उपशाची माहिती गुपचूप देणाऱ्या माणसाला बातमीत, आणि वेळ आल्यास न्यायालयात, ‘मुखबीर’ म्हणावे की ‘सूत्र’.

‘मुखबीर’ टाळावा. आपल्या विदर्भात हा शब्द पोलीस ठाण्याच्या कागदांत ‘मुखबीरकडून खबर मिळाली’ अशा वाक्यांतून मुरलेला आहे (मूळ अरबी, ‘खबर’ आणि ‘खबऱ्या’ त्याच कुळातले), त्यामुळे वाचकाला तो माणूस पोलिसांचाच वाटतो. ‘गुप्त बातमीदार’ त्याहून घोटाळ्याचा, कारण वर्तमानपत्राच्या भाषेत बातमीदार आपण स्वतःच असतो.

पोलिसांचा खबऱ्या आणि पत्रकाराचे सूत्र हा भेद कायद्यातही आहे. गुन्ह्याची खबर कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही, ही १८७२च्या पुरावा कायद्यातील कलम १२५ची तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १३१ म्हणून कायम आहे. पत्रकारासाठी असे कलम जुन्या कायद्यात नव्हते आणि नव्यातही नाही. विधी आयोगाने १९८३मध्ये आपल्या ९३व्या अहवालात ते सुचविले होते, पण संसदेने ते स्वीकारले नाही. १९७८च्या प्रेस कौन्सिल कायद्याचे कलम १५(२) पत्रकारावर स्रोत उघड करण्याची सक्ती करता येणार नाही असे म्हणते खरे, परंतु ते प्रेस कौन्सिलपुढील कामकाजापुरतेच आहे. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये स्रोतांचे संरक्षण ही वृत्तपत्रस्वातंत्र्याची एक मूलभूत अट मानली, तरी एखाद्या खटल्यात नाव विचारायचे की नाही, हे अखेर न्यायाधीशच ठरवतात. म्हणून ‘सूत्रांना कायद्याचे संरक्षण आहे’ हे सर्रास वापरले जाणारे वाक्य मला सैल वाटते.

बातमीत ‘सूत्र’ योग्य आहे. ‘सूत्रांनी सांगितले’ या नपुंसकलिंगी अनेकवचनात सांगणारा पुरुष की स्त्री, एक की अनेक, हे सारे झाकले जाते; मात्र एकाच माणसाचे बोलणे त्यामुळे अनेकांचे भासते, हा दोषही त्यातच आहे. प्रतिज्ञापत्रात म्हणूनच ‘नाव उघड न करण्याच्या अटीवर माहिती देणारी व्यक्ती’ असे एकवचनी लिहावे. ‘सूत्र’ काय किंवा ‘व्यक्ती’ काय, ओळख पटवणारे विशेषण मात्र जोडू नये, कारण ‘घाटावर काम करणाऱ्या सूत्राने’ असे छापले, तर लहान गावात ते नाव छापल्यासारखेच होते.