पॉइन्सेटियाची नवीन जात म्हणतोस, आधी हे बघ

फांदीवर वेगळा रंग दिसला म्हणून लगेच नाव शोधत बसू नकोस. त्या फांदीच्या कटिंग्ज लाव, मग त्यांच्या परत कटिंग्ज, आणि दरवेळी रंग तसाच आला तरच पुढचं, कारण यात असे स्पोर्ट (एखाद्या फांदीत आपोआप झालेला बदल) बरेचदा कायमेरा असतात म्हणजे वरच्या थरातल्या पेशी बदललेल्या नि आतल्या जुन्याच, मग मधेच एखादी लाल फांदी फुटते नि सगळं मुसळ केरात.

बियांपासून करणार असशील तर रोपं सरळसोट वाढली म्हणून फेकू नकोस हां, भरपूर फांद्या फुटायला फायटोप्लाझ्मा नावाचा जिवाणू लागतो, तो बियांतून येत नाही, चांगल्या फुटव्याच्या जातीशी कलम केलं की येतो (रोगाचा जंतू आपल्यालाच हवा, गंमतच आहे).

नवीन जातीच्या वर्णनासाठी सगळ्यात जवळची जुनी जात शेजारीच वाढव, तेवढीच कुंडी, तीच माती, दोन्हींना रंग धरायला रोज सलग 14 तास अंधार. रंग आरएचएस कलर चार्टवर (ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा रंगांचा तक्ता) जुळव, मोबाईलच्या फोटोवरून नाही. रंगीत दिसतात ती ब्रॅक्ट, म्हणजे पानंच, खरी फुलं मधल्या सायथियात, म्हणजे छोट्या पेल्यांसारख्या गुच्छांत, दोन्हींचं वेगवेगळं लिही, देठाचा रंग नि पानाच्या कडाही. 'खूप सुंदर लाल' वगैरे नको, त्यावरून कुणाला काही ओळखता येत नाही.