वाचकांचे प्रश्न : स्थलांतराचे संशोधन आणि चित्रकथा

प्रश्न : अक्कलकोट तालुक्यातील दुधनी आणि आसपासच्या सीमेलगतच्या गावांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांवर मी पीएच.डी.चे संशोधन करीत आहे. मुलाखती चित्रकथेच्या रूपात मांडाव्यात असे वाटते. याला संशोधन म्हणून मान्यता मिळेल का? छायाचित्राऐवजी चित्र वापरले की माणसाची ओळख आपोआप लपते का?
— एक संशोधक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : मान्यतेसाठी दाखले आहेत. निक सुसॅनिस यांनी २०१४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये आपला प्रबंधच चित्रकथेच्या रूपात सादर केला होता, आणि टोरोंटो विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने २०१७ पासून मानववंशशास्त्रीय संशोधनावर आधारलेल्या चित्रकादंबऱ्यांची मालिका काढली. आपल्या विद्यापीठाचे नियम मात्र नोंदणीच्या वेळीच विचारून घ्यावेत.

खरा प्रश्न चित्र केव्हा काढायचे हा आहे. निष्कर्ष लिहून झाल्यावर सजावट म्हणून काढलेल्या चित्रांनी संशोधनात काहीच भर पडत नाही. मुलाखत चालू असतानाच कच्ची रेखाटने समोर ठेवून ‘उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतली तेव्हा घरात कोण कोण होते’, ‘कोपी (मजुरांची झोपडी) उसाच्या फडापासून किती लांब होती’ असे विचारले, तर सांगणारी बाई चित्रातली चूक दाखवते, आणि त्या दुरुस्तीतून ध्वनिमुद्रणात न आलेली माहिती हाती लागते. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवून कथा सांगणारे लोककलावंत, पोथीतले एकेक चित्र समोर धरून कथा सांगतात. येथे चित्र आपण धरायचे आणि कथा तिने सांगायची. एकाच दिवशी फडावर मोळ्या बांधणारी आई आणि गावी आजीजवळ राहिलेला मुलगा शेजारशेजारच्या चौकटींत दाखवता येतात, हे या माध्यमाचे मोठे बळ आहे.

सीमेच्या बाबतीत परदेशी नमुने जपून वापरावेत. अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेवरील तिहुआनासारख्या शहरात भिंत प्रत्यक्ष उभी असल्याने ती काढता येते. दुधनीच्या पुढे कर्नाटक लागते तेव्हा वाटेत कुंपण येत नाही, आणि कानडी तर सीमेच्या या बाजूलाही बोलली जाते. अक्कलकोट तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कानडी माध्यमाच्या शाळा आहेत. म्हणून येथे सीमा दाखवायची ती एसटीच्या पाटीतून, शाळेच्या माध्यमातून, मुकादमाशी (मजुरांची टोळी नेणाऱ्या कंत्राटदाराशी) मराठीत आणि घरात कानडीत चालणाऱ्या बोलण्यातून. कानडी संवाद कानडी लिपीतच ठेवून खाली मराठी अर्थ द्यावा, असे माझे मत आहे.

ओळख आपोआप लपत नाही. चेहरा बदलला तरी हातावरचे गोंदण, ट्रॅक्टरचा क्रमांक, देवळाचा कळस किंवा उचलीची नेमकी रक्कम यांवरून मुकादम त्या कुटुंबाला सहज ओळखेल, आणि संशोधनाचा त्रास त्याच कुटुंबाला होईल. अनेकांच्या अनुभवांतून एक पात्र घडवले असल्यास तसे प्रबंधात स्पष्ट लिहावे. संमती दोनदा घ्यावी : मुलाखतीपूर्वी, आणि चित्रे पूर्ण झाल्यावर मजकूर मोठ्याने वाचून दाखवून.

आपला हात चित्रकलेत बसलेला नसेल तर चित्रकाराला सोबत न्यावे, परंतु कोणती चौकट कोणत्या टिपणावर आधारली आहे याची नोंद आपणच ठेवावी. चित्रे दाखवण्याचे काम टोळ्या निघण्यापूर्वी उरकावे. गळीत हंगाम सुरू झाल्यावर त्या कुटुंबांना तासभर बसायलाही सवड मिळणार नाही.