थंडीत दुचाकी चालवताना हातांची काळजी

निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत कधीकधी ५ अंशांच्याही खाली उतरतो, त्यामुळे तिथून पहाटे दुचाकीने नाशिकला जायचे असेल, तर हातांचा विचार आधी करा. मात्र सर्वांत जाड हातमोजे घेण्याची घाई नको. घट्ट मोज्यांत बोटांचा रक्तप्रवाह अडतो आणि क्लच किती दाबला गेला हेही नीट कळत नाही. आत पातळ लोकरी मोजे आणि त्यांवर वारा अडवणारे, बोटांच्या टोकांशी थोडी जागा उरेल असे सैल मोजे घाला, कारण खरी ऊब मधल्या कोंडलेल्या हवेची असते. मोज्याची कड जर्किनच्या बाहीवर ओढून घ्या. छाती गारठली की शरीर हातांचा रक्तपुरवठाच कमी करते, म्हणून जर्किनची चेन गळ्यापर्यंत लावा (मी पहिली दोन वर्षे नुसते मोजेच बदलत राहिलो). बोटे बधिर होऊ लागताच गाडी बाजूला थांबवून हात काखेत धरा. सायलेन्सरवर मात्र टेकवू नका, माझ्या एका मोज्याचा तळवा तिथेच वितळून चिकटला होता.