विज्ञानविनोद आणि कणादाचा बाण

प्रश्न असा आलाय : विज्ञानावरच्या गमतीदार लेखनाला 'वैज्ञानिक विनोद' म्हणावं की 'विज्ञानविनोद'?

विज्ञानविनोद. विज्ञानकथा म्हणतो तसंच. विज्ञानाचा नुसता वास आला तरी 'वैज्ञानिक' चिकटवायची खोड आता असह्य झाली आहे. न्यूटनच्या सफरचंदावर कोटी केली म्हणून ती वैज्ञानिक होत नाही. वैज्ञानिक विनोद हवाच असेल तर आंद्रे गाइमचा घ्या. चुंबकीय क्षेत्रात जिवंत बेडूक अधांतरी तरंगवला, 2000 साली मायकेल बेरीसोबत त्याबद्दल इग्नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार पारितोषिक) घेतलं आणि 2010 साली ग्राफीनसाठी (कार्बनच्या एक अणू जाडीच्या पापुद्र्यासाठी) खरंखुरं नोबेल!

पण खरी गंमत 'विनोद'मध्ये आहे. हा शब्द मुळात हसण्याचा नाहीच. त्याच्या मुळाशी आहे 'नुद्' हा संस्कृत धातू, म्हणजे क्रियापदाचं मूळ रूप. नुद् म्हणजे ढकलणं. मनाचा शीण दूर ढकलतो तो विनोद. शाकुंतलातला सेनापती चक्क शिकारीला विनोद म्हणतो. 'विशेष मोद देतो तो विनोद' असं छातीठोकपणे सांगणाऱ्या पंडितांनी म-चा न कुठल्या नियमानं झाला, तेवढं एकदा सांगून टाकावं.

याच नुद्-पासून 'नोदन', म्हणजे धक्का. वैशेषिक दर्शनाचा प्राचीन प्रणेता कणाद वैशेषिकसूत्रांच्या पाचव्या अध्यायात म्हणतो, बाणाची पहिली गती नोदनामुळे, पुढची संस्कारामुळे (म्हणजे बाणात उरलेल्या वेगामुळे), आणि संस्कार सरला की 'गुरुत्वात् पतनम्', जडपणामुळे खाली पडणं. इस्रोच्या 'द्रव नोदन प्रणाली केंद्र' या हिंदी नावात हेच नोदन आहे. म्हणजे बाण, अग्निबाण आणि विनोद, तिघांनाही ढकलणारा धातू एकच!

माझ्या मते तर कणादाचं सूत्र बाणापेक्षा विनोदालाच जास्त लागू पडतं. पहिला धक्का लेखकाचा, पुढची मजल वाचकाच्या संस्कारावर, आणि ते नसतील तर गुरुत्वानं आपटणं ठरलेलं. (विज्ञानावर लिहिणाऱ्यांनी गुरुत्वाचे दोन्ही अर्थ घ्यावेत.) एका कोशप्रेमी स्नेह्यांना ही सगळी ओढाताण वाटते. 'दूर सारणे' हा लाक्षणिक अर्थ, त्यात भौतिकी कशाला शोधायची, असा त्यांचा आक्षेप. कोश जरा बाजूला ठेवून त्यांनी धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची अर्थासह यादी, उघडावा. तिथे 'णुद प्रेरणे' असं आहे (णुद म्हणजे आपला नुद्च), 'णुद हसने' नाही. आणि 'प्रेरणा' म्हणजे काय, ते मराठी विश्वकोशातल्या भौतिकीच्या नोंदींत पाहावं : फोर्स!