अमेरिकन स्टडीज (अमेरिकेचा समाज, इतिहास व संस्कृती यांचा एकत्रित अभ्यास) ही केवळ साहित्याची शाखा आहे का?

नाही, आणि एम.ए.नंतर संशोधनाकडे वळणाऱ्यांनी हा फरक आधीच समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते. हार्वर्ड विद्यापीठाने १९३०च्या दशकात इतिहास आणि साहित्य यांना जोडणारा संशोधनक्रम सुरू केला, व १९४० मध्ये हेन्री नॅश स्मिथ यांना त्यातील पहिली पीएच.डी. मिळाली.

गुलामगिरीचे उदाहरण पाहा. गुलामगिरीतून निसटलेले कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५ सालचे आत्मकथन साहित्याचा अभ्यासक भाषा व निवेदन यांसाठी वाचेल. परंतु संसदेतील राज्यांचे प्रतिनिधित्व ठरवताना गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरणारी १७८७च्या अमेरिकन संविधानातील तरतूद, मळ्यांच्या हिशेबवह्या आणि गुलामांची धार्मिक गीते यांच्या शेजारी ठेवून ते वाचले, तर एका माणसाच्या कहाणीमागची संपूर्ण कायदेशीर व आर्थिक व्यवस्था दिसू लागते. साधने अशी एकमेकांसमोर ठेवून तपासणे, हेच या विद्याशाखेचे खरे बळ आहे.

मराठी संशोधकांसाठी तर येथे हक्काचा विषय आहे: जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, आणि १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच ब्लॅक पँथर या अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतले.