चहा स्वस्त झाला होता

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर अकरा दिवसांवर आला आहे आणि तुझी काळजी एकच दिसते: एवढ्या सनावळ्या लक्षात कशा राहणार? सनावळ्या राहतील. या विषयात मुलं अडकतात ती दुसरीकडे. एका गोष्टीनंतर दुसरी घडली एवढं ती लिहितात. पहिलीमुळे दुसरी का घडली, हे लिहायचं राहून जातं. १६०७ च्या जेम्सटाउनपासून (इंग्रजांची तिथली पहिली टिकलेली वसाहत) १८०० च्या अध्यक्षीय निवडणुकीपर्यंतचा सगळा अभ्यास या एका 'का'भोवती लाव.

पहिल्या दिवशी पुस्तक उघडू नकोस. सिलॅबसमधली लेक्चरांची नावं एका कागदावर उतरव आणि त्यांचे चार गट कर: वसाहती आणि मजूर (१६०७ ते १७५४), साम्राज्याशी बिनसणं (१७५४ ते १७७६), युद्ध आणि राज्यघटना (१७७६ ते १७९१), नव्या देशातले पक्ष (१७९१ ते १८००). सगळ्यांना सारखे दिवस देऊ नकोस. मधल्या दोन गटांना तीन-तीन दिवस, पहिल्याला दोन, शेवटच्याला एक. उरलेले दोन दिवस घड्याळ लावून लिहिण्याचे.

दुसऱ्या गटावर जास्त वेळ घालव, कारण कारणांची साखळी तिथेच सगळ्यांत घट्ट आहे. फ्रान्सशी चाललेलं सात वर्षांचं युद्ध १७६३ मध्ये संपलं तेव्हा ब्रिटनचं कर्ज जवळजवळ दुप्पट झालं होतं, आणि अमेरिकेत फौज ठेवायची म्हणजे रोजचा खर्च. म्हणून १७६४ चा साखर कायदा, १७६५ चा स्टॅम्प कायदा, म्हणजे कागदांवरचा कर. वर्तमानपत्रं, कोर्टाचे कागद, पत्त्यांचे जोडसुद्धा त्यात आले. म्हणजे झळ नेमकी छापखानेवाल्यांना आणि वकिलांना बसली, आणि आरडाओरडा करण्यात याच दोन मंडळींचा हात कोणी धरला नसता. १७६६ मध्ये कायदा मागे घेतला गेला, पण त्याच वेळी पार्लमेंटने जाहीर केलं की वसाहतींसाठी वाटेल त्या बाबतीत कायदे करण्याचा अधिकार आपल्याला आहे. ही दुसरी अर्धी गोष्ट पुष्कळजण विसरतात, आणि मग १७६७ चे टाउनशेंड कायदे आभाळातून पडल्यासारखे वाटतात. काच, शिसं, रंग, कागद, चहा यांवर जकात बसली. वसाहतींनी मालावर बहिष्कार घातला. १७७० मध्ये बाकीच्या जकाती उठल्या, चहावरची तेवढी ठेवली.

आता सगळ्यांत जास्त होणारी चूक. '१७७३ च्या चहा कायद्याने चहावर नवा कर लावला, म्हणून लोक भडकले' असं कुठेही लिहू नकोस. त्या कायद्याने नवा कर लावला नाही. अडचणीत आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीला ब्रिटनमधली जकात परत मिळाली आणि आपला चहा थेट वसाहतींत विकायची मुभा मिळाली. त्यामुळे चहा उलट स्वस्त होणार होता, चोरट्या डच चहापेक्षाही. तरीही १६ डिसेंबर १७७३ ला बोस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. स्वस्त चहा विकत घेणं म्हणजे पार्लमेंटचा कर लावायचा हक्क मुकाट्याने मान्य करणं, हे एक कारण. कंपनीने नेमलेले मोजके दलाल सोडून बाकीचे व्यापारी बाहेर फेकले जाणार होते, हे दुसरं. ही दोन कारणं लिहिलीस की भांडण करापेक्षा हक्काचं जास्त होतं, हे तुझं उत्तर आपोआप सांगेल.

सालं जुळवायला घरच्या इतिहासाचा आधार घे. पानिपत जानेवारी १७६१, त्यानंतर दोन वर्षांनी सात वर्षांचं युद्ध संपलं. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा, बोस्टनचा चहा त्याच वर्षीच्या डिसेंबरातला. राघोबांनी इंग्रजांशी सुरतेचा तह केला मार्च १७७५ मध्ये आणि लेक्सिंग्टनला स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटली १९ एप्रिलला. यॉर्कटाउनला ऑक्टोबर १७८१ मध्ये ज्या इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेने शरणागती पत्करली, तोच १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि १७९२ मध्ये मराठ्यांना सोबत घेऊन टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणवर उभा राहिला. हे डोक्यात ठेवायचं. उत्तरपत्रिकेत प्रश्नाने मागितलं तरच.

पहिल्या गटात व्हर्जिनियावर लक्ष दे. बेकनचं बंड (१६७६, तिथल्या गव्हर्नरविरुद्धचं) झालं आणि म्हणून गुलामगिरी आली, हे वाक्य सोपं वाटतं, पण अपुरं आहे. आफ्रिकेतून आणलेली माणसं तिथे १६१९ मध्येच उतरली होती, आणि मुलाचा दर्जा आईवरून ठरेल हा कायदा १६६२ चा, म्हणजे बंडाच्या चौदा वर्षं आधीचा. बंडानंतर मळेवाले बांधील (ठराविक वर्षांच्या करारावर आलेल्या) गोऱ्या मजुरांना भिऊ लागले हे खरंच. पण इंग्लंडहून असे मजूर येणंही कमी झालं होतं, आणि १६९८ मध्ये गुलामांच्या व्यापारावरची रॉयल आफ्रिकन कंपनीची मक्तेदारी संपली. व्हर्जिनियाच्या १७०५ च्या गुलामांविषयीच्या संहितेने हे सगळं कायद्यात पक्कं बांधलं. तीन कारणं मांडून त्यांतलं कुठलं जड, हे तू ठरव. ते ठरवणं हाच तुझा मुद्दा.

राज्यघटनेत तीन ठिकाणी पाय घसरतो. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ ची राज्यघटना यांची वाक्यं एकमेकांत मिसळू देऊ नकोस. 'फेडरलिस्ट' शब्दाचे दोन अर्थ आहेत: १७८७-८८ मध्ये घटनेच्या बाजूचे लोक, आणि १७९० च्या दशकातला अर्थमंत्री हॅमिल्टनचा पक्ष. घटनेच्या शिल्पकारांतला मॅडिसन पहिल्यात होता, दुसऱ्याच्या विरोधात गेला. तिसरं, तीन-पंचमांश तडजोड, म्हणजे लोकसंख्या मोजताना गुलामांचा तीन-पंचमांश आकडाच धरायचा. दक्षिणेला गुलामांची पूर्ण मोजणी हवी होती, कारण त्यामुळे प्रतिनिधिगृहातल्या जागा वाढत होत्या. मताचा अधिकार त्या माणसांना मिळणारच नव्हता. घटनेच्या मूळ मजकुरात 'गुलाम' हा शब्दच नाही, 'इतर व्यक्ती' आहे. कागदपत्रावर प्रश्न आला तर असं गाळलेलं शोध. कोणी लिहिलं, कधी, कोणासाठी, हे सगळेच लिहितात. काय लिहायचं टाळलं, हे फार थोडे बघतात.

टिपांसाठी तीस नावं काढ. प्रत्येकीला चार प्रश्न: काय, कुठे, कधी, आणि 'मग काय झालं?'. नमुना बघ. १७६३ ची राजघोषणा: मूळ रहिवाशांचा सरदार पाँटिअ‍ॅकच्या उठावानंतर ऑक्टोबरमध्ये तिसऱ्या जॉर्जने अपालाचियन डोंगरांच्या पश्चिमेला वस्ती करायला मनाई केली, हेतू सरहद्दीवरचा लढायांचा खर्च टाळण्याचा, परिणाम असा की पश्चिमेच्या जमिनीवर डोळा ठेवून बसलेले व्हर्जिनियाचे मळेवाले दुखावले, आणि मूळ रहिवाशांच्या जमिनीवरचा हक्क निदान कागदावर मान्य झाला. पाच-सहा वाक्यं, सात मिनिटं. चौथा प्रश्न राहून गेला तर बाकीच्या तीन उत्तरांना फारसा भाव नाही.

पेपर दोन तासांचा धरला तर पाच टिपांना पस्तीस मिनिटं, कागदपत्राला पंचवीस, निबंधाला पन्नास, दहा वाचून बघायला. निबंधाची पहिली सात मिनिटं फक्त आराखडा: एक ठाम विधान, त्याखाली तीन मुद्दे, प्रत्येकाला दोन पुरावे, आणि एक गोष्ट जी तुझ्या विरोधात जाते. 'महासंघाची कलमं (राज्यघटनेआधीचा राज्यांमधला करार) कमकुवत होती' हे विधान झालं नाही. 'कर बसवता येत नसल्यामुळे आणि दुरुस्तीला तेराही राज्यांची संमती लागत असल्यामुळे काँग्रेसला स्वतःचं कर्जही फेडता येईना, आणि १७८६-८७ च्या शेजच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या, बंडाने धनकोंची भीती खरी ठरवली' हे विधान. पाच टक्क्यांची आयात जकात एकट्या ऱ्होड आयलंडने १७८२ मध्ये अडवली, हा त्याचा पुरावा. विरुद्ध बाजूला १७८७ चा वायव्य प्रदेशाचा कायदा ठेव. तो याच कमकुवत काँग्रेसने केला होता.

वाचताना अधोरेखित करत बसू नकोस. त्यातून आलं असं वाटतं, येत नाही. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिही, मग उघडून लाल शाईने दुरुस्त कर. आणि हातानेच लिही, पेपर ब्लू बुकात, म्हणजे हाताने लिहायच्या उत्तरवहीत, आहे. सवय नसेल तर चाळिसाव्या मिनिटाला बोटं दुखू लागतात आणि शेवटचा परिच्छेद दोन ओळींत उरकला जातो.

आज रात्री टाउनशेंड कायद्यांवर सात मिनिटांची टीप लिही आणि कागदाचा फोटो पाठव. चौथा प्रश्न कसा सोडवलास तेवढंच बघून सांगतो.

तुझा,
काका