उजवा प्रसाद मिळाला, तरी खाण सुरू झाली नाही

‘देवापुढे उभं राहिलं तरी आत काहीच हलत नाही. माझी श्रद्धा संपली का?’ हा प्रश्न समुपदेशनात माझ्याकडे येतो तो बहुतेक वेळा भाविक माणसांकडूनच. ज्यांची खरोखर संपलेली असते, त्यांना त्याचं सुतक नसतं. ते विचारायला येत नाहीत. कुणाचं लग्न जुळत नसतं, कुणाला मूल होत नसतं, कुणाचे पोर्तुगीज पासपोर्टचे कागद अडकलेले असतात. वाट पाहणं लांबलं की हा प्रश्न हमखास डोकं वर काढतो.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गृहस्थांची हकिकत सांगते. त्यांच्या परवानगीनं सांगते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पन्नाशी ओलांडलेले. खनिजवाहतुकीत दोन ट्रक होते. गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा हप्ते भरता येईनात म्हणून एक ट्रक विकला. पुढे खाणी थोड्याफार चालू झाल्या, जिवात जीव आला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प झालं. दुसरा ट्रक अंगणात ताडपत्रीखाली उभा राहिला.

तेव्हा त्यांनी ग्रामदेवतेला प्रसाद लावला. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: देवाच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या लावून गाऱ्हाणं घालतात. सर्वसाधारणपणे उजवीकडची पाकळी पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. त्यांना उजवा मिळाला.

माझ्याकडे आले तेव्हा त्या गोष्टीला दोन-तीन वर्षं झाली होती. ‘उजवा दिला, मॅडम. मग?’ एवढंच म्हणाले आणि बराच वेळ हातातली ट्रकची चावी फिरवत बसले. जो ट्रक हलतच नव्हता, त्याची चावी ते रोज खिशात घेऊन फिरत.

मधल्या काळात सोमवारच्या उपासाला गुरुवार जोडला, मग एकादशी, मग अनवाणी देवळात जाणं. जितकं वाढवलं तितकं आत कोरडं होत गेलं. मला यात नवल वाटलं नाही. बँकेचा माणूस त्यांच्या दारात यायचा, तसे ते देवाच्या दारात जाऊ लागले होते, वसुलीला. अशा वेळी भक्तिभाव यायचा कुठून? पखवाजही खुंटीला गेला होता. ‘मनात भाव नसताना वाजवणं म्हणजे ढोंग’ असं त्यांचं म्हणणं.

पण श्रद्धेचा विषय काढण्याआधी मी झोपेचं विचारलं. पहाटे तीनला जाग यायची, मग डोळा लागायचा नाही. जेवण बेचव. नातवाशी खेळतानाही मन लागत नव्हतं. जीव द्यावासा वाटतो का, हेही मी सरळ विचारते. विचारल्यानं ते खूळ डोक्यात शिरत नाही. तसं काही नव्हतं. तरी अशी अवस्था दोन आठवड्यांहून जास्त टिकली असेल तर ती नुसती पारमार्थिक पोकळी म्हणून सोडून देता येत नाही. मी त्यांना बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत पाठवलं. सौम्य नैराश्य निघालं. गोळ्या घ्यायला ते तयार होईनात, गोळी घेणं म्हणजे देवावर अविश्वास! ‘भाई, मधुमेहाची गोळी घेता ना?’ म्हटल्यावर हसले. काही महिन्यांत झोप सुधारली. बाकीचं सगळं बोलणं त्यानंतरच शक्य झालं.

मग मी विचारलं, प्रसाद लावताना नेमके शब्द काय होते? ते थबकले. गाऱ्हाणं भटजींनी घातलेलं, पण सांगितलं होतं यांनीच. बऱ्याच वेळानं म्हणाले, ‘माझं घर तरेल ना, असं विचारलं होतं.’ खाणीचा उल्लेखच नव्हता. खाण सुरू होणार, हे त्यांनी घरी येता येता स्वतःच जोडलं होतं. देवाच्या उत्तराचा अर्थ लावणं माझं काम नाही, म्हणून मी गप्प राहिले. पण त्या दिवशी एक गोष्ट बाहेर आली: गिऱ्हाईक येऊनही त्यांनी ट्रक विकला नव्हता. विकला तर प्रसादावर विश्वास नाही असं होईल, ही भीती. न्यायालयाच्या निकालाची वाट पाहणं आणि देवाची वाट पाहणं यांची गाठ इतकी घट्ट बसली होती, की हातात असलेला निर्णयही अडून राहिला होता.

त्यात नातेवाईक. ‘देव परीक्षा बघतो’ हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झालंय. आधीच खचलेल्या माणसाला त्यातून ‘तू नापास होतोयस’ एवढंच ऐकू येतं. त्यापेक्षा त्यांना तुकोबांची आठवण करून देणं मला बरं वाटलं. दुष्काळात पैसा गेला, मान गेला, बायको अन्न अन्न करत गेली, हे तुकोबांनी स्वतः सांगितलंय. आणि आपल्या लेखी देव मेला, इथवर ते अभंगात बोलून गेलेत. हे अभंग त्यांना माहीतच होते, पण स्वतःच्या रागाला तिथे जागा आहे हे लक्षात आलं नव्हतं. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यातही देव जाणवत नसल्याची वेदना आहे, तीही जवळपास पन्नास वर्षांची. त्यांचं काम मात्र थांबलं नाही.

मी दोनच गोष्टी सुचवल्या. वाढवलेले उपास सोडायचे, मूळचा सोमवार तेवढा ठेवायचा. आणि भटजींविना, स्वतःच्या शब्दांत गाऱ्हाणं घालायचं, त्यात मागणं नको, तक्रार चालेल. पहिल्यांदा देवळात कुणी नसताना गेले आणि, त्यांच्याच शब्दांत, ‘देवाला चार शिव्या घातल्या’. घाबरले होते. पुढच्या भेटीत म्हणाले, किती दिवसांनी कुणाशी तरी बोलल्यासारखं वाटलं.

पखवाजाबद्दल आमचा वाद झाला. माझं म्हणणं, भाव असो-नसो, हाताला ताल येतो ना? भजनात इतर चारजण गाताहेत, त्यांना तुमचा ठेका हवाय. तुमच्या मनात काय चाललंय ते त्यांना ऐकू येत नाही. ते पटायला वेळ लागला. पटलं असंही नाही; सप्ताहाला पखवाजी मिळेना म्हणून गेले.

ट्रक विकला. आता छोटी पिकअप आहे, नारळ आणि भाजीची भाडी मारतात. घर चाललंय; पूर्वीसारखं नाही, पण चाललंय. भजनात कधी डोळे भरतात, कधी नुसतंच वाजवून घरी येतात. त्याचा हिशेब ठेवणं त्यांनी सोडलंय.

मुलीच्या लग्नासाठी प्रसाद लावूया, असा मध्यंतरी बायकोनं लकडा लावला होता. हे म्हणाले, ‘लावूया, पण आधी मुलीला विचार.’